पहाटे पाचचा अलार्म : ऐरोलीतल्या एका गाडीचं प्रकरण

ताईंचा फोन आला तेव्हा कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. "दादा, तो अलार्म काढूनच टाका. पैसे काय होतील ते सांगा, पण आजच काढा." आवाज रडवेला होता. सोसायटीत तीन आठवडे त्यांच्या गाडीचाच विषय चालला होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

ऐरोलीच्या खाडीकडच्या सेक्टरमधली जुनी सोसायटी. इमारतीखाली स्टिल्टमध्ये मोजक्या गाड्या मावतात, बाकीच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून उघड्यावर उभ्या असतात. ताईंची नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक उघड्यावरच असते, पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या गॅलरीच्या बरोबर खाली. काकांचं ऑगस्टमध्ये बायपास झालेलं. ताई ठाण्याच्या शाळेत शिकवतात, लोकलने जातात, गाडी निघते ती रविवारीच. काकांना झोपेची किती गरज आहे हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं, आणि म्हणूनच त्या इतक्या टेकीला आल्या होत्या.

अलार्म काढून टाकणं हे पंधरा मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं. एक तर अशा बाहेरून बसवलेल्या अलार्मच्या युनिटमध्ये बहुतेक वेळा स्टार्टरची किंवा इग्निशनची वायर कापून रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, नेलेली असते. फ्यूज उपटला की भोंगा गप्प होतो, पण अनेकदा गाडीही चालू होत नाही, आणि मग घाईत कुणीतरी वायरी पिळून टेप मारतो. असे पिळे मी पुष्कळ पाहिले आहेत, काही जळलेलेही. दुसरं असं की अलार्म आपल्या मनाने वाजत नाही. कुठल्यातरी वायरीवरून त्याला "कुणीतरी आलंय" असा निरोप येतो तेव्हाच तो वाजतो. युनिट काढलं तर तो निरोप ऐकणारं कुणी उरणार नाही, निरोप पाठवणारा दोष मात्र गाडीत तसाच राहील.

ही गाडी साध्या मॉडेलची, कंपनीचा अलार्म नव्हता. घेतली तेव्हाच सेंट्रल लॉकिंगबरोबर बाहेरच्या दुकानातून बसवून घेतलेला. अशा अलार्मला तीन ठिकाणांहून खबर मिळते. एक शॉक सेन्सर, डॅशबोर्डखाली चिकटवलेली काड्यापेटीएवढी डबी, गाडीला धक्का बसला की कळवते. दुसरे दरवाज्यांचे स्विच, ज्यांच्यावर आतला दिवाही चालतो. तिसरा बॉनेटचा पिन स्विच. बॉनेट बंद असताना स्प्रिंगची पिन दाबलेली राहते आणि सर्किट तुटलेलं असतं. बॉनेट उघडलं की पिन वर येते आणि वायर बॉडीला अर्थ होते, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडली जाते. युनिटला एवढंच समजतं : वायरीवर १२ व्होल्ट आहेत तोवर सगळं ठीक, व्होल्टेज पडलं की चोर.

मी पोचायच्या आधी बरेच इलाज झाले होते. ते सविस्तर सांगतो, कारण ह्या प्रकरणाचा गुंता तिथेच होता.

पावसाळ्यात अलार्म दोन-चार वेळा वाजला होता. तेव्हा सगळ्यांनी ढगांच्या गडगडाटाला बोल लावला. घटस्थापनेच्या आसपास तो जवळपास रोज वाजायला लागला. आधी रिमोटचा सेल बदलला. सीआर २०३२, ३ व्होल्टचा बटण सेल. त्याने फरक पडायचं कारणच नव्हतं. कमजोर सेलने रिमोट जवळून चालवावा लागतो, पण लॉक झालेली गाडी मध्येच ओरडत नाही. तिसऱ्या माळेला दुकानदाराने शॉक सेन्सरचा छोटा स्क्रू फिरवून तो मंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. मग सेन्सरचा कपलरच, म्हणजे वायरींचा प्लग, काढून ठेवला, तरी वाजला. पाचव्या माळेला बॅटरी बदलली, कारण सकाळी ती १२.१ व्होल्ट दाखवत होती. आणि नंतर चार दिवस शांतता! दसऱ्याला ताईंनी गाडीला झेंडूचं तोरण बांधलं, काकांना पेढे दिले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अलार्म पुन्हा सुरू.

ह्यानंतर दुकानदाराने निकाल दिला की युनिट गेलंय, नवीन बसवा, साडेपाच हजार. सोसायटीत तोवर वेगळाच निष्कर्ष निघाला होता. पहाटे दुधाचा टेम्पो गेटपाशी येतो, त्याच्या हादऱ्याने अलार्म वाजतो. मधले तीन दिवस स्टिल्टमधले एक जण गावाला गेले होते. त्यांच्या जागेवर गाडी ठेवली, तर एकदाही वाजला नाही. त्यामुळे टेम्पोवरचा संशय पक्का झाला : भिंतीजवळ हादरे बसतात, आत बसत नाहीत. गाडी पुन्हा बाहेर आली ती नेमकी कोजागिरीच्या संध्याकाळी. गच्चीवरचं दूध पिऊन सगळे निजले आणि पहाटे तीनदा वाजला.

बॅटरीबद्दल एक हिशेब सांगतो. "अलार्म वाजून वाजून बॅटरी उतरली" असं सर्रास म्हणतात. चार इंडिकेटरचे २१ वॅटचे चार बल्ब, एकत्र पेटले की साधारण ७ अँपिअर. लुकलुकतात, म्हणजे सरासरी साडेतीन. भोंग्याचे एक-दोन धरले तर साडेचार-साडेपाच. अर्ध्या मिनिटाला अँपिअर-तासाचा विसावा भागही होत नाही. रात्रीत दहा वेळा वाजला तरी अर्धा अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी त्याने उतरत नाही. ती उतरली होती गाडी उभी राहून. बंद गाडीत घड्याळ, अलार्म, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिळून थोडा करंट ओढत असतात. मी मीटर लावला तेव्हा ह्या गाडीत तो २८ मिलीअँपिअर होता. हे अगदी योग्य आहे, ५० च्या आत असला की मी काळजी करत नाही. पण २८ मिलीअँपिअरने दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या जवळ जातो, आणि रविवारी भाजी आणण्यापुरती गाडी काढली तर तो भरून येत नाही. जुनी बॅटरी खरंच थकलेली होती, पण अलार्मशी तिचा संबंध नव्हता. ताईंना मी आठवड्यातून दोनदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी चालवा, एवढंच सांगितलं.

मग चार दिवस शांतता का होती?

ह्याचं उत्तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सापडलं. मी सेक्रेटरी मॅडमना म्हटलं, "मॅडम, लोकांनी अलार्मच्या तक्रारी टाकल्यात ना, त्यांच्या वेळा मला हव्यात." त्या जरा संकोचल्या, कारण काही मेसेज कडक होते. पण बसून वर वर सरकवत त्यांनी एकेक वेळ सांगितली आणि मी वहीत उतरवली. ४.५०, ५.१२, ४.४१, ५.३५, ५.०४. एकही मेसेज रात्री अकराचा नाही, एकचा नाही. नवरात्रात शेजारच्या मैदानात गरब्याचे स्पीकर काचा थरथरवत होते, तेव्हा हा अलार्म चूप होता. वाजला तो नेहमी सूर्य उगवायच्या आधीच्या दोन तासांत.

आता शांततेचे दिवस. स्टिल्टमधले तीन सोडले तर उरलेले चार सलग होते, आणि मॅडमनाच आठवलं की त्या चार दिवसांत परतीचा पाऊस होता. भोंडल्याचा कार्यक्रम आयत्या वेळी हॉलमध्ये घ्यावा लागला होता. ग्रुपवर त्याचेही मेसेज होते. त्या चारही पहाटे दुधाचा टेम्पो आला होता. पाऊस आहे म्हणून दूध चुकत नाही. म्हणजे टेम्पो होता, अलार्म नव्हता. नवी बॅटरी तेवढी योगायोगाने त्याच दिवशी आलेली.

ढगाळ रात्री वाजत नाही, छपराखाली वाजत नाही, निरभ्र आभाळाखाली उघड्यावर वाजतो, तोही पहाटे. गावाकडे वाढलेल्या माणसाला ह्यातून काय निघतं ते लगेच कळेल. दव.

निरभ्र रात्री गाडीचा पत्रा आपली उष्णता वर आभाळाकडे सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. पहाटे तो सगळ्यात थंड. हवेतली वाफ त्यावर धरते, बॉनेटच्या वर आणि खालच्या बाजूलाही. वर ढग असले किंवा स्लॅब असला की उष्णता तितकी निघून जात नाही आणि पत्रा कोरडा राहतो. पावसाळा सरून आभाळ मोकळं झालं की खाडीकाठच्या हवेत भरपूर ओल असते आणि रात्री पत्रे गार पडतात. तेव्हा ऑक्टोबरात दिवसा कितीही उकाडा असला तरी ऐरोलीत पहाटे गाड्यांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढं दव असतं.

संशय मनात असणं वेगळं आणि तो दाखवून देणं वेगळं. दुपारी दोनला मी पिन स्विच तपासला. बॉनेट बंद असताना वायर आणि बॉडी यांच्यात मीटर काहीच जोड दाखवत नव्हता. स्विच उत्तम! दुपारी तपासून आधीच्या माणसालाही हेच दिसलं असणार, त्याचा दोष नाही. म्हणून स्टिअरिंगखाली युनिटच्या कपलरमध्ये बॉनेटच्या वायरीला मागून सुई लावली, मीटरची लीड दरवाज्याच्या बीडिंगखालून बाहेर काढली आणि ताईंना म्हटलं, उद्या पहाटे येतो. अशा वायरीला बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नये हे नवीन मुलांना मी नेहमी सांगतो. युनिटच्या आत मोठ्या रेझिस्टरमधून ते १२ व्होल्ट येतात. बल्बमधून वायर अर्थ झाली की व्होल्टेज लगेच बसतं आणि तपासणाराच अलार्म वाजवतो. मीटर जवळपास काही ओढत नाही.

संध्याकाळी आणखी एक काम केलं, भोंग्याचा कपलर काढला. अलार्म लागला की इंडिकेटर लुकलुकतील, आवाज होणार नाही. काकांची आणखी एक झोप मोडून मला तपासणी करायची नव्हती.

कळव्याहून पहाटे निघालो, विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून, रस्ता मोकळा. सव्वाचारला गेटवर. वॉचमन खुर्ची घेऊन शेजारी आला. मीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वायपरखाली ठेवला होता. दुपारी त्याच वायरीवर १२.४ होते. ४.२० ला १०.९. बॉनेटवर हात फिरवला तर तळवा ओला. ४.४० ला ८.७. दहा मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला, गेटपाशी थांबला, क्रेट आपटून उतरवले, गेला. मीटरचा आकडा त्याने तसूभर हलला नाही. ५.०२ ला ६.१. आणि चार मिनिटांनी चारही इंडिकेटर आवाजाशिवाय पेटायला लागले. भिंतीवर पिवळा उजेड येत होता, जात होता. वॉचमन म्हणाला, "साहेब, जवळ तर कुणीच नाही." खरंच कुणी नव्हतं.

रिमोटने बंद केला आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा पाहिला. ह्या युनिटमध्ये अलार्म बंद केल्यावर तो दिवा कारण सांगतो. दोनदा लुकलुकला तर शॉक, तीनदा लुकलुकला तर दरवाजा किंवा बॉनेट. तो तीनदा लुकलुकला. तीन आठवडे तो रोज तीनदा लुकलुकत असणार. पण ताई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रिमोट दाबायच्या, आणि पुस्तिका कधीच हरवलेली. दिव्याकडे कुणी पाहिलंच नाही.

शेवटची खात्री. बॉनेट उघडलं, पिन स्विचची वायर टॅबवरून, म्हणजे ती अडकवायच्या पितळी पट्टीवरून, उपटली आणि हवेत धरली. मीटर त्याच क्षणी १२.४ वर गेला. वायर परत टेकवली आणि पिन बोटाने पूर्ण दाबून धरली, म्हणजे बॉनेट बंद असल्यासारखं. आकडा सहाच्या खाली. म्हणजे युनिट चांगलं, युनिटपर्यंतची वायर चांगली, करंट झिरपतोय तो स्विचमधून.

स्विच काढून टॉर्चच्या उजेडात पाहिला. वरची रबरी टोपी मानेपाशी गोल चिरलेली, इंजिनच्या उष्णतेने कडक झालेली. आत पितळी टॅबभोवती हिरवट-पांढरा थर, बोटाला किंचित चिकट लागणारा. त्या थरावर दवाचे बारीक मणी. दवाचं पाणी नुसतं असताना वीज फारशी वाहून नेत नाही, ते जवळपास पावसाच्या पाण्यासारखं शुद्ध असतं. पण नऊ वर्षं खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यातलं मीठ, ठाणे-बेलापूर रोडची धूळ आणि तांब्या-पितळेचा गंज त्या टॅबभोवती बसला होता. दव त्यात मुरलं की टॅबपासून बॉडीपर्यंत खारट पाण्याची वाट तयार होत होती. वायर थेट अर्थ होत नव्हती, पण व्होल्टेज निम्म्यावर आणण्यापुरती होत होती. सूर्य चढला की थर वाळायचा, वाट बंद. म्हणून दिवसा कुणालाच दोष सापडला नाही.

आता दुकानदाराच्या साडेपाच हजारांचा विचार करा. नवीन युनिट बसवताना जुना पिन स्विच तसाच वापरणं ही सर्रास पद्धत आहे, कारण भोक तयार असतं आणि वायर ओढलेली असते. ताईंनी पैसे भरले असते आणि पुढच्या निरभ्र पहाटे नवं युनिट तसंच वाजलं असतं.

नवा स्विच १२० रुपयांचा. पत्रा घासून स्वच्छ केला, वायरीचं हिरवं पडलेलं टोक दोन इंच कापलं, नवा टॅब सोल्डर केला, त्यावर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), आणि टोपी घालण्याआधी आत पेट्रोलियम जेली. फक्त टॅबच्या बाजूला, जिथे पाणी बसतं तिथे.

पिन किती दाबली जाते तेही पाहायचं होतं. बंद बॉनेटखाली डोळा जात नाही. मी ताईंना म्हटलं, "लिंबाएवढा कणकेचा गोळा द्या." पोळ्यांची कणीक मळलेलीच होती. गोळा पिनच्या भोवती बसवला, वर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला, बॉनेट हलकेच बंद करून उघडलं. पत्रा टेकला होता तिथे कणकेची जाडी चार मिलिमीटर उरली होती. म्हणजे पिन हवी त्यापेक्षा बरीच कमी दाबली जात होती, कारण त्या बाजूचे बॉनेटचे रबरी बफर वर फिरलेले होते. ह्याने अलार्म वाजत नव्हता, पण एखाद्या वर्षाने वाजला असता. बफर दोन आटे खाली घेतले, पुन्हा कणीक लावली, जाडी एक मिलिमीटर. पुरे.

ज्यांच्या गाडीत कंपनीचा अलार्म आहे त्यांना असा सुटा पिन स्विच दिसणार नाही. तिथे तो बहुधा बॉनेटच्या लॉकमध्येच असतो. ग्रीस सुकून त्यात धूळ बसली तरी असाच त्रास होतो, आणि पहिला उपाय लॉक धुऊन नवं ग्रीस लावणं हाच. काही गाड्यांत आत अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो, तो ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरींनी आतली हालचाल टिपतो. त्याला काच किंचित उघडी राहिलेली किंवा आरशाला लटकवलेलं काही झुलत असलेलं चालत नाही. कारण कुठलंही असलं तरी आधी वेळा लिहून काढा आणि बंद केल्यावर दिवा किती वेळा लुकलुकतो ते बघा.

दुरुस्ती झाल्यावर इस्त्रीची पाण्याची बाटली घेतली, त्यात चमचाभर मीठ विरघळवलं आणि नव्या स्विचच्या टोपीवर भरपूर फवारलं. मीटर १२.४ वरून हलला नाही. खारट पाणी साध्या पाण्याने धुऊन काढलं. तरी दुसऱ्या पहाटे मी पुन्हा गेलो, कारण बाटलीची फवारणी म्हणजे दव नव्हे. पावणेपाचला बॉनेटवरून ओघळ येत होते. मीटर १२.३. सव्वापाचला १२.३. सहाला उजाडलं, तोवर तिथेच. मग भोंगा जोडला. शॉक सेन्सरही जोडला आणि त्याचा स्क्रू मध्यावर आणला : तळव्याने काचेवर जोरात थाप मारली तर वाजतो, बोटाने टकटक केल्यास नाही.

काका गॅलरीत आले होते. शाल पांघरलेली, हातात चहाचा कप. "झालं का हो?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, तीन दिवस बघूया, मग झालं म्हणतो." रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा नियमात आहे. भोंगा जवळून शंभरच्या वर जातो. जखम भरत असलेल्या माणसाच्या उशापासून पंधरा फुटांवर तो तीन आठवडे वाजला होता. त्यांनी एकदाही ताईंना वर बोलावून काही ऐकवलं नव्हतं. कडक मेसेज दुसऱ्यांचे होते.

तीन दिवस गेले, मग आठवडा. नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेपाचला ताईंचा फोन आला, मी नुकताच अभ्यंगस्नान करून उठलो होतो. "दादा, आज वाजला."

माझ्या पोटात गोळा आला. "दिवा पाहिलात?"

"खाली जाऊन पाहिला. दोनदाच लुकलुकला. भिंतीपलीकडे मुलांनी सुतळी बॉम्ब लावला होता."

"मग बरोबर वाजला, ताई."

"तेच काकांना सांगून आले," त्या म्हणाल्या. "ते जागेच होते, उटणं लावत होते."